काजीतले हुमले: ठेवू की जाळू?

रानभूल | १२ ऑक्टोबर

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडलेत.

सावंतवाडी तालुक्यात आमची काजूची सव्वाशेच्या आसपास कलमं आहेत. बहुतेक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, कडेला वडिलांच्या वेळची थोडी गावठी झाडं. मी पुण्यात असतो, महिन्यातून एक फेरी. बाग काका बघतात. गेल्या आठवड्यात गेलो तर बेणणीला (झाडांखालचं गवत काढायला) आलेल्या गड्यांनी अट घातली: आधी हुमले जाळा, मगच आम्ही आत शिरतो.

ज्यांना हुमले माहीत नाहीत त्यांच्यासाठी: झाडाची हिरवी पानं एकमेकांना शिवून नारळाएवढी घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. नांगी मारत नाहीत, पण कडकडून चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात. सदऱ्याच्या आत एक शिरली तरी माणूस फांदीवरून उडी मारतो.

काठीला चिंधी बांधून, डिझेलात बुडवून पलिता तयार झाला होता. तेवढ्यात काका आडवे आले. म्हणाले, "हुमल्यांका हात लावू नकात. ते आसत त्या काजीर ढेकणो येणा नाय." चुलतभाऊ म्हणतो हा म्हाताऱ्यांचा भाबडेपणा. गेल्या वर्षी आम्ही तीन फवारण्या केल्या तरी या ढेकण्या किडीने निम्म्या बागेचा मोहोर करपवला. मी मात्र एक गोष्ट पाहिली आहे. विहिरीकडच्या ज्या सात-आठ झाडांवर पंप पोचत नाही तिथेच हुमले सगळ्यात जास्त आहेत, आणि बी तिथलीच बरी निघाली.

हा योगायोग, की यात काही तथ्य आहे? पालवी फुटायला लागली आहे, निर्णय लवकर घ्यायचाय.

कणेरी | १२ ऑक्टोबर

आमच्याकडे रत्नागिरीत याच मुंगीला ओंबील म्हणतात. लहानपणी आजोळी आंब्यावर चढायच्या आधी आजोबा खोडावर दोनदा काठी आपटायचे आणि वर बघायचे. ओंबील धावत खाली आली की ते झाड त्या दिवसापुरतं रद्द. त्या झाडाचे आंबे कोणी चोरत नसे एवढं मात्र छातीठोक सांगते. कीड नियंत्रणाचं माहीत नाही, पोरं नियंत्रण शंभर टक्के.

निवृत्त_कृषिसेवक | १३ ऑक्टोबर

रानभूल, तुमच्या काकांचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पण सात-आठ झाडांवरून निष्कर्ष काढू नका. विहिरीकडे सावली असेल, ओल असेल, वाऱ्याचा आडोसा असेल, झाडं गावठी असतील. कारणं दहा असू शकतात.

ढेकण्या (टी मॉस्किटो) हा काजूचा एक नंबरचा शत्रू. अंगाने सडसडीत, तांबूस-काळा, पाठीवर टाचणीसारखं एक टोक. कोवळ्या पालवीत, मोहोराच्या दांड्यात आणि लहान बीमध्ये सोंड खुपसून रस शोषतो. त्याची लाळ विषारी असते, म्हणून टोचलेल्या जागी काळपट चट्टा पडून शेंडा खालपर्यंत वाळतो. लांबून बघितलं तर झाडाला आगीची झळ लागल्यासारखी दिसते. पालवी, मोहोर आणि बी धरताना अशा तिन्ही टप्प्यांवर शिफारशीप्रमाणे फवारणी करणाऱ्यांची बाग हाती लागते. मी नोकरीत हेच सांगत आलो. मुंग्यांच्या भरवशावर हंगाम सोडा असं सांगायची माझी छाती होणार नाही.

तुमच्या तीन फवारण्या नेमक्या कधी झाल्या ते आधी सांगा. बहुतेकांचा घोळ वेळेत असतो, औषधात नव्हे.

रानभूल | १३ ऑक्टोबर

सर, वेळेचा मुद्दा कबूल. पहिली फवारणी पालवीला न होता मोहोर अर्धा आल्यावर झाली, कारण पंपवाला मिळाला नाही. पण विहिरीकडची झाडं गावठी नाहीत, तीही वेंगुर्ला-४ च आहेत. आणि आडोसा म्हणाल तर उलट तीच बांधावर उघडी आहेत.

मुंगीपुराण | १३ ऑक्टोबर (रात्री)

या धाग्यावर यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण हा विषय निघाला की मला आवरत नाही. पण काकांना 'भाबडे' म्हटलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

काकांच्या म्हणण्यामागे सतराशे वर्षांचा इतिहास आहे. कोकणातला नव्हे, दक्षिण चीनचा. जी हान नावाच्या लेखकाच्या नावावर दक्षिणेकडच्या वनस्पतींची माहिती देणारा एक ग्रंथ आहे, काळ साधारण इ.स. ३०४. (त्यातला काही मजकूर नंतर घातला गेला असावा अशी शंका काही अभ्यासक घेतात, ते सोडून देऊ.) त्यात लिहिलंय की चिआओ-चिह, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामकडचे लोक बाजारात मुंग्या विकायला आणतात. लव्हाळ्याच्या चटईच्या पिशव्या, आत रेशमासारखं घरटं, पानं-फांद्यांसकट. मुंगी तांबूस-पिवळी, नेहमीच्या मुंगीपेक्षा मोठी. आणि पुढचं वाक्य असं, की संत्र्याच्या झाडावर या मुंग्या नसतील तर सगळी फळं किडतात, एकही धड राहत नाही. कीड मारायला माणसाने मुद्दाम दुसरा कीटक वापरल्याची जगातली सगळ्यात जुनी लेखी नोंद म्हणून हीच दाखवतात.

बाराव्या शतकातल्या आणखी एका चिनी लेखकाने मुंग्या पकडायची युक्तीच नोंदवली आहे. डुकराच्या किंवा मेंढीच्या मूत्राशयाच्या फुग्यात चरबी भरायची, तोंड उघडं ठेवून घरट्याशेजारी ठेवायचा, मुंग्या आत शिरल्या की तोंड आवळून घेऊन जायचं. 'संत्र्याच्या मुंग्या पाळणं' असं त्या धंद्याला नावच होतं. पुढे बागायतदार झाडाझाडांमध्ये बांबूच्या काठ्या आडव्या टाकून पूल करायला लागले, मुंग्यांना जमिनीवर उतरावं लागू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिंबूवर्गीय झाडांच्या शोधात क्वांगतुंग प्रांतात फिरणाऱ्या अमेरिकन मंडळींना हे गावोगाव चाललेलं दिसलं. ग्रॉफ आणि हॉवर्ड यांनी १९२४ च्या सुमारास त्यावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला पत्ता लागला.

ती मुंगी आणि काकांच्या काजीवरचा हुमला एकच. शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅरॅग्डिना. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हीच, आणि आफ्रिकेत तिची सख्खी बहीण इकोफिला लॉन्जिनोडा.

आता काजूकडे. काजूचं झाड स्वतःच मुंग्यांना बोलावतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्याच्या पानांवर आणि मोहोराच्या दांड्यांवर फुलाबाहेरच्या मधुग्रंथी असतात. कोवळ्या पालवीवर मुंग्या काही चाटत फिरताना दिसतात ना, ते हेच. म्हणजे जिथे ढेकण्याला यायचं असतं नेमक्या त्याच जागी पहारा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या चार्ल्स डार्विन विद्यापीठात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत वर्षानुवर्षं यावर काम केलं. तिथला ढेकण्या आपल्या ढेकण्याचाच भाऊबंद, हेलोपेल्टिस कुळातला. हुमल्यांची वस्ती नीट सांभाळलेल्या झाडांवर ढेकण्याचं नुकसान बरंच कमी राहिलं, आणि काजूसाठी मुंग्या वापरायची पद्धत त्यांनी बागायतदारांना बसवून दिली.

निवृत्त सर, तुमची शंका रास्तच आहे. नुसती मुंगी 'असणं' पुरत नाही. ती किती आहे, कुठे आहे, आणि शेजारच्या झाडावर कोणाची आहे हे सगळं बघावं लागतं. त्यावर उद्या लिहितो. आत्ता बायको झोपायला सांगते आहे.

झणझणीत | १४ ऑक्टोबर

जाळू पण नका, ठेवू पण नका. चटणी करा! बस्तरला मित्राकडे चापड्याची चटणी खाल्ली होती, मुंग्या आणि अंडी मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटलेली. आंबट चव मुंगीच्याच आम्लाची, लिंबू नको न् काही नको. आणि ओडिशाच्या सिमिलिपालच्या काई चटणीला २०२४ मध्ये जीआय मिळालंय. काजूला भाव नाही मिळाला तर मुंगी विका.

कणेरी | १४ ऑक्टोबर

झणझणीत, तुम्ही प्रत्येक धागा स्वयंपाकघरात नेता. (कृती द्या.)

मुंगीपुराण | १४ ऑक्टोबर

चटणीची थट्टा नको. थायलंडच्या ईशान्य भागात याच मुंगीच्या 'अंड्यां'ना चांगला बाजार आहे. अंडी म्हणतात, पण ती बहुतेक होऊ घातलेल्या राण्यांच्या अळ्या आणि कोष असतात. त्या काढल्या तरी कामकरी मुंग्या बऱ्याचशा शाबूत राहतात, वस्ती मरत नाही. म्हणजे कीडही खाणार आणि स्वतःही विकली जाणार अशी ही एकमेव राखणदार असावी. असो.

कालचं उरलेलं. हुमल्यांची एक वस्ती म्हणजे एक घरटं नव्हे. एकाच वस्तीची डझनभर किंवा त्याहून किती तरी जास्त घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात, मोठ्या वस्तीत काही लाख कामकरी. राणी मात्र त्यातल्या एकाच घरट्यात, बहुधा उंचावर. घरटं कसं करतात तेही एकदा सकाळी उभं राहून बघाच. मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात, दोन पानं जवळ ओढून धरतात, मग दुसऱ्या मुंग्या तोंडात अळ्या घेऊन येतात आणि विणकराच्या धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवतात. रेशीम अळीचं असतं, मोठ्या मुंगीला रेशीम सोडता येत नाही. स्वतःच्या कोषाचं रेशीम अळी घराला देऊन टाकते, म्हणून यांचे कोष उघडे असतात.

आता कळीचा मुद्दा: दोन वस्त्यांचं हाडवैर. तुमच्या बागेत चार वस्त्या असतील तर त्यांच्या सीमेवरच्या झाडांवर सतत मारामारी चालते. तिथली ताकद लढाईत जाते, कधी ते झाड मोकळंच राहतं, आणि ढेकण्या नेमका तिथे घुसतो. 'मुंग्या आहेत तरी कीड आली' अशी तक्रार येते त्यामागे बऱ्याचदा हे असतं. ऑस्ट्रेलियात आधी वस्त्यांचा नकाशा काढतात. सोपी परीक्षा आहे: एका झाडावरच्या चार मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडा. मिशा लावून पुढे गेल्या तर एकाच घरच्या. पाय धरून ताणाताणी सुरू झाली तर वैरी. वैऱ्यांच्या झाडांच्या एकमेकांत घुसलेल्या फांद्या छाटायच्या, आणि एकाच वस्तीच्या झाडांना दोरीने जोडायचं. काथ्याचा सुंभ चालेल.

फवारणी अजिबात बंद करा असं मी म्हणत नाही, सर. ज्या झाडांवर मुंग्या नाहीत तिथे तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे करा. सरसकट पंप मारलात तर मात्र ढेकण्याआधी हुमले संपतील. ढेकणे शेजारच्या बागेतून परत येतात, हुमल्यांची वस्ती परत उभी राहायला दोन-तीन वर्षं जातात.

निवृत्त_कृषिसेवक | १५ ऑक्टोबर

हे पटण्यासारखं आहे. विशेषतः मुंग्या असलेली आणि नसलेली झाडं वेगळी धरायची हे. नोंद ठेवणार असाल तर एक सुचवतो: प्रत्येक झाडाच्या चार दिशांचे ठरावीक शेंडे मोजा, त्यातले किती करपले ते लिहा, दर पंधरा दिवसांनी. नाहीतर मार्चमध्ये पुन्हा 'काका म्हणतात' आणि 'भाऊ म्हणतो' यावरच गाडी येईल.

देवगड_हापूस | १५ ऑक्टोबर

काजूवाल्यांचं ठीक आहे हो. आमच्याकडे आंब्यात हे कौतुक कोणाला परवडत नाही. कारणं सांगतो.

एक, हुमले राखणदार असतील, पण गवळीही आहेत. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड जो गोड चिकटा सोडतात तो यांना प्यायला लागतो, म्हणून त्यांना दुभत्या जनावरासारखं जपतात. चिकट्यावर काळी बुरशी चढली की फळ काळं. डागी हापूस बाजारात कोण घेतो? दोन, तोडणी. नेपाळी गडी झाडावर चढायला तयार होत नाहीत, आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगायचं? झेल्याने काढायचं म्हटलं तरी फांदी हलली की वरून पाऊस पडतो मुंग्यांचा. तीन, तुडतुडा. मोहोरावर तुडतुडा चढला की दोन दिवसांत चित्र पालटतं, तेव्हा मुंग्यांची वाट बघत बसू?

आणि निर्यातवाल्यांना २०१४ आठवत असेल. फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपला आंबा बंद केला, पुढच्या वर्षी उघडला. त्यानंतर फळमाशी हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. तिथे प्रयोग करायची हिंमत नाही.

डार्विनकर | १६ ऑक्टोबर

देवगडवाले, मी सध्या याच मुंग्यांच्या गावात राहतो म्हणून लिहितो. कामाने इथे आलो, शेतीशी संबंध फक्त खाण्यापुरता. इथल्या हुमल्यांचं पोट हिरवं असतं, म्हणून 'ग्रीन अँट'. (स्मॅरॅग्डिना म्हणजे पाचूच्या रंगाची. आपल्याकडे हिरवी असते ती राणी, इथे कामकरीसुद्धा.) मूळ रहिवासी सर्दी-खोकल्यावर हिचा उपयोग करतात. मी धीर करून एक चाटून बघितली, अस्सल लिंबाची गोळी.

ओळखीच्या एका बागायतदाराने आंब्यात मुंग्या ठेवल्या आहेत. तुमचे तिन्ही मुद्दे मी त्याला विचारले. तुडतुड्यावर आणि फुलकिड्यांवर मुंग्या काम करतात असं तो म्हणाला. मुंगीपुराणांनी सांगितलेल्या पेंग यांनीच आंब्यातही ते दाखवलंय. खवले कीड वाढली तर तो मुंग्यांना हात न लावता तेवढ्याच फांद्यांवर तेलाची किंवा साबणाची फवारणी करतो. तोडणीचं दुखणं मात्र त्यानेही कबूल केलं. मुंग्या चिडल्या की फळावर आम्ल उडतं आणि साल डागाळते, दोन वस्त्यांच्या भांडणातही हेच होतं. त्यामुळे तोडणीच्या आधी झाडावर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारतो, मुंग्या घरट्यात शिरतात, मग भराभर काढतो. तरी चावतातच म्हणाला आणि हसला.

मुंगीपुराण | १६ ऑक्टोबर

देवगडकरांचा पहिला मुद्दा शंभर टक्के खरा, त्यावर वाद नाही. हापूसला दिसण्याचा पैसा मिळतो, तिथे चिकटा घातकच.

फळमाशीचं मात्र उलट आहे. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमध्ये पॉल व्हॅन मेले, व्हेसिएर वगैरे मंडळींनी आंब्याच्या बागा तपासल्या. ज्या बागांत हुमल्यांची आफ्रिकन बहीण भरपूर होती तिथे फळमाशीचं नुकसान कितीतरी कमी निघालं. गंमत म्हणजे मुंग्या माश्या पकडून खातात म्हणून नव्हे, पकडतात त्या थोड्याच. मुंगी जिथे फिरते तिथे आपल्या वासाच्या खुणा सोडते, आणि तो वास असलेल्या फळावर माशी अंडी घालायला बसतच नाही. पोलीस दारात उभा नसला तरी चौकीची पाटी दिसते, तसं.

पण एक सांगतो. या मुंगीचं काजूशी जेवढं जमतं तेवढं हापूसशी आपल्याकडे जमेल असं मला वाटत नाही. कारण साधं आहे: काजूबी पिकली की बोंडूसकट खाली पडते आणि आपण ती जमिनीवरून वेचतो. झाडावर चढायचंच नाही. ओल्या काजूगरासाठी आकडीने काढणाऱ्यांचं वेगळं, त्यांना चावे खावे लागतील.

कणेरी | १६ ऑक्टोबर

आणि मधमाश्या? मोहोरावर ओंबील फिरत असेल तर माश्या बसणार कशा? बी धरणारच नाही.

मुंगीपुराण | १६ ऑक्टोबर

चांगला प्रश्न. मोहोरावर दबा धरून बसलेली मुंगी काही माश्यांना हुसकावते, हे खरंच आहे. पण काजूचं फूल थोडा वेळ बसणाऱ्या बऱ्याच कीटकांकडून फळतं आणि भर उन्हात हुमल्यांची वर्दळ मंदावते. ढेकण्याने मोहोरच जाळला तर माशी बसणार कशावर, हा दुसरा हिशोब. पेट्या ठेवणार असाल तर स्टँडच्या पायांना वंगण लावा, नाहीतर हुमले पेटीत घुसतात.

रानभूल | ४ नोव्हेंबर

दिवाळीला गेलो तेव्हा दोन दिवस नकाशाचंच काम केलं. काडीवरच्या मुंग्यांची परीक्षा घेताना पुतण्याला भलतीच मजा आली. बागेत तीन वस्त्या निघाल्या: विहिरीची, बांधाकडची, आणि वरच्या टप्प्यावर एक छोटी. मधल्या चार ओळी पूर्ण रिकाम्या.

विहिरीच्या वस्तीची सहा घरटी संध्याकाळी फांदीसकट कापून गोणपाटात भरली आणि मधल्या दोन ओळींत नेऊन टांगली. झाडं सात-सात मीटरवर असल्याने फांद्या भिडत नाहीत, म्हणून सुंभ बांधला. हाताला राख चोळली होती, तिचा थोडा उपयोग झाला. मानेचं काही विचारू नका. खायला म्हणून काकांनी बांगड्याची डोकी प्रत्येक झाडावर टांगली. सकाळी त्यातली निम्मी मांजराने आणि कावळ्यांनी नेली.

बेणणीवाल्यांशी तह असा झाला: मुंग्यांच्या झाडाखाली बेणणी सकाळी लवकर, थंडीत, आणि रोजंदारीवर वीस रुपये जास्त. चुलतभावाच्या ताब्यात खालची तीस झाडं, तो त्याच्या पद्धतीने फवारणार. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येतो, तेवढी भीती आहे.

निवृत्त_कृषिसेवक | ५ नोव्हेंबर

शेंडे मोजायचे राहिलेले दिसतात.

रानभूल | ५ नोव्हेंबर

सर, मोजलेत. वही काकांकडे आहे.

डार्विनकर | ५ नोव्हेंबर

एक शंका: नेलेल्या घरट्यांत राणी नसेल तर त्या ओळी किती दिवस टिकतील?

मुंगीपुराण | ६ नोव्हेंबर

नेमकं बोट ठेवलंत. मधल्या ओळी विहिरीच्या वस्तीला सुंभाने जोडलेल्या असतील तर काळजी नाही, राणी तिकडे आहे आणि पुरवठा चालू राहील. तुटक राहिल्या तर काही महिन्यांत कामकरी मरत जातील आणि घरटी ओस पडतील. दुसऱ्या वस्तीची राणी आणून घालायच्या भानगडीत पडू नका, तिचे तुकडे करतील.

झणझणीत | २० डिसेंबर

फोटो टाकतोय, आमच्या पेरूवर हा एक हुमला बाकीच्यांपासून फटकून फिरतो आहे. उडीसुद्धा मारतो. आजारी आहे का?

मुंगीपुराण | २० डिसेंबर

पाय मोजा. आठ आहेत. हा उड्या मारणारा कोळी आहे, हुबेहूब हुमल्यासारखा दिसतो म्हणून पक्षी, गांधीलमाश्या याच्या वाटेला जात नाहीत. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. चटणीत टाकू नका.

रानभूल | २६ फेब्रुवारी

हंगाम मध्यावर आला, वही समोर घेऊन लिहितो. हे शास्त्रीय नाही, एका बागेचं एका वर्षाचं आहे.

विहिरीच्या वस्तीच्या झाडांवर करपलेले शेंडे अगदी थोडे, झाडामागे एखाद-दुसरा. मधल्या ज्या दोन ओळींत घरटी नेली त्यातली एक चांगली राहिली. दुसरीचा सुंभ डिसेंबरात माकडांनी तोडला, माझ्या लक्षात यायला महिना गेला, आणि तिथे जानेवारीत ढेकण्या दिसला. बांधाकडच्या आणि विहिरीच्या वस्तीच्या सीमेवर पाच झाडं आहेत, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट, रिकाम्या झाडांपेक्षाही वाईट. खाली मेलेल्या मुंग्यांचा सडा. फांद्या छाटायला सांगितलं होतंत, मी कलमं तोडायचा जीव झाला नाही म्हणून सोडून दिल्या. माझी चूक.

चुलतभावाची झाडं, या वेळी फवारण्या वेळेवर झाल्याने, चांगली आहेत. विहिरीच्या झाडांइतकीच. हे लिहिणं भाग आहे. फरक खर्चाचा: त्याच्या तीन फवारण्या, औषध आणि मजुरी, माझा सुंभ आणि बांगडे.

एका झाडावर पिठ्या ढेकूण वाढला आहे, हुमले त्याला घेरून बसलेत. देवगडकर बरोबर होते. तेवढीच फांदी कापून टाकली.

देवगड_हापूस | २७ फेब्रुवारी

प्रामाणिक लिहिलंत, आवडलं. माझ्याकडे घराजवळ पाच-सहा रायवळ आहेत, लोणच्याला जातात, दिसण्याचा प्रश्न नाही. त्यांच्यावरची ओंबील या वर्षी नाही जाळणार. हापूसला हात लावू देणार नाही ते वेगळं.

निवृत्त_कृषिसेवक | २७ फेब्रुवारी

सीमेवरच्या पाच झाडांची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटली. पुढच्या वर्षी तीच झाडं, छाटणी करून, पुन्हा मोजा. आणि भावाच्या शेताच्या कडेची झाडं वेगळी लिहा, वाऱ्याने औषध आलं असेल तर तिथे मुंग्या कमी दिसतील.

रानभूल | १९ जून

पावसाच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. मुंगीपुराणांनी निरोपातून सांगितलं होतं की पहिल्या पावसानंतर पंखवाल्या राण्या उडतात, आणि जमिनीवर उतरल्यावर पानाच्या घडीत लपून नवी वस्ती सुरू करतात. म्हणून वरच्या टप्प्यावरच्या रिकाम्या झाडांची पंधरा-वीस पानं गुंडाळून काथ्याने बांधून ठेवली होती.

काल उघडून पाहिली. बहुतेकांत गोम, कोळी, पाणी. एका सुरळीत मात्र पंख गळालेली, हिरवीगार, बोटाच्या पेराएवढी राणी बसली होती. पोटाखाली पांढऱ्या अंड्यांची चिमूट. काकांना हाक मारली तर ते चश्मा आणायला घरी गेले. परत येईपर्यंत मी पान होतं तसं बांधून टाकलं.

कणेरी | १९ जून

फोटो?

रानभूल | १९ जून

दोन्ही हात पान धरायला लागले होते. काका अजून रागावलेत.